गळक्या टाकीची हळद

जयसिंगच्या गाडीची डिझेलची टाकी प्लास्टिकची होती आणि ती गळत होती. पहिली गोष्ट जन्मापासूनची, दुसरी वयोमानानुसार. गाडी जिथे उभी राही तिथे खाली एक काळा डाग पडे. इमारतीतली मुलं त्या डागांवरून गाडी कुठे कुठे गेली हे सांगू शकत.

एरवी त्याने भेगेवर साबणाची वडी घासून वेळ मारून नेली असती. पण शुक्रवारी वरच्या मजल्यावरच्या शालूचं लग्न होतं, लोणी काळभोरला. शालू याच गाडीवर गाडी चालवायला शिकली होती. इमारतीच्या गेटचा एक खांब वाकडा आहे, तो तिच्यामुळे. "मी तुझ्याच गाडीतून मांडवात जाणार," असं तिने जाहीर केलं होतं, आणि जयसिंगने सगळ्यांसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "नवरीच्या साडीला डिझेलचा वाससुद्धा लागणार नाही."

हे वाक्य त्याला पुढे बरंच महागात पडलं.

बिबवेवाडीतले गॅरेजवाले शमशुद्दीनभाई म्हणाले, "नवी टाकी आता मिळत नाही. जुनी मिळेल."

"मग जुनी द्या."

"तीपण गळकी आहे. शनिवारी आण, बघू."

"शुक्रवारी लग्न आहे, भाई."

"मग व्हिडिओ बघून कर. मी पण तेच करतो."

जयसिंगने व्हिडिओ बघितला. टाकी उतरवायची, डिझेल काढायचं, साबणाने आतून विसळायची, भेग वर येईल अशी ठेवायची आणि पाण्याने काठोकाठ भरायची, म्हणजे आत वाफ उरत नाही आणि टाकी अंगावर उडत नाही. मग तापलेल्या इस्त्रीने, म्हणजे वायरी जोडायच्या त्या टोकदार इस्त्रीने, भेगेत त्याच जातीचं प्लास्टिक वितळवून भरायचं. त्याच जातीचं प्लास्टिक म्हणून त्याने गवंड्याचं फुटकं काळं घमेलं कापलं. सगळं जमून आलं होतं. फक्त तो दिवस गुरुवार होता आणि त्या गुरुवारी महापालिकेचं पाणी बंद होतं.

जिन्याखाली एक निळा ड्रम भरून ठेवलेला होता. त्याला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली जयसिंगला दिसली. पण आठवडाभर त्या घरात गॅसच्या सिलिंडरला, मिक्सरला आणि एकदा तर झोपलेल्या मांजरालाही हळदकुंकू लागलं होतं. त्यामुळे त्याने ते मनावर घेतलं नाही. फरशी धुवायचं पाणी असेल, असं समजून त्याने बादलीने टाकी भरली.

काम सुरेख झालं. भेग बुजली. आणि मग प्रश्न आला, टाकीतल्या पाण्याचा. 'पाणी ओतून द्यावे,' एवढंच व्हिडिओत होतं, कुठे ते नव्हतं. गुरुवारी बादल्या बादल्या पाणी गटारात सोडणारा माणूस बिबवेवाडीत सुखाने राहू शकत नाही. जयसिंगने टाकीत नाक घालून वास घेतला. काहीच आला नाही. तीन दिवस डिझेलमध्ये हात घालून बसल्यावर त्याच्या नाकाने राजीनामा दिला होता, हे त्याला कळवलं गेलं नव्हतं. पाणी निवळ दिसत होतं. ते त्याने बादलीबादलीने परत ड्रममध्ये ओतलं. त्याला स्वतःचं कौतुकही वाटलं.

मग त्याने टाकी चढवली, डिझेल भरलं, खाली फरशीवर रांगोळीची जाड रेघ ओढली. थेंब पडला तर रेघेवर दिसणार. रेघ कोरडी राहिली. ही बातमी शालूला सांगायला तो हात पुसत जिना चढला.

वर हळद लागून गेली होती. नवऱ्यामुलाची आत्या सरुबाई लोणीहून त्याची उष्टी हळद वाटीत घेऊन आली होती. नवऱ्याला लावून उरलेली ती हळद नवरीला लावायची. ती लावून झाली, शेजारच्या मांडवात जनरेटर धडधडत असताना ड्रमचं पाणी शेगडीवर तापलं, नवरी न्हाली. डिझेलचा वास सगळ्यांनी जनरेटरचाच धरला होता. आता जनरेटर बंद झाला होता, आणि वास बंद झाला नव्हता.

शालूची आई सोजरबाई फार गोड आवाजात बोलत होती. तिचा आवाज गोड झाला की इमारतीतले लोक दारं लावून घेत.

"विहीणबाई, राग मानू नका. हळद कुठून घेतलीत?"

"घेतली? घरची हाय. मी सोता दळून आणली."

"कुठल्या गिरणीत?"

"आमच्या गावच्या."

"गिरणी डिझेलवर चालते का हो?"

सरुबाईंनी पदर खोचला. "चालती. म्हून पीठ डिझेलचं निघतंय व्हय? हीच हळद आमच्या संभाजीला लावली. त्याला वास नाय. वास हाय तो तुमच्या पोरीला."

शालूचे वडील गेनबा आतापर्यंत फरश्या मोजत असल्यासारखे खाली बघत होते. ते उठले. "म्हणजे काय म्हणायचंय आपल्याला?"

"म्हणायचं काय? हळदीत खोट काढणाऱ्या घराशी सोयरीक करायची का, ते भावाला इचारते." आणि सरुबाईंनी कमरेचा फोन काढला.

आतल्या दारात शालू उभी होती. केस ओले. ती स्वतःचा तळहात हुंगत होती, परत परत, जणू तो दुसऱ्याचा होता.

जयसिंगला ड्रमवरची हळदीकुंकवाची बोटं आता एकेक करून आठवली. त्याचे कान तापले. मग मान. त्याला वाटलं, जिन्यावरून उलटं उलटं खाली जाता येईल, गाडीखाली शिरता येईल आणि लग्न झालं की बाहेर येता येईल. पण सरुबाईंचा अंगठा फोनवर फिरत होता.

"काकू," तो म्हणाला, "वास माझा आहे."

"तुझा रोजच असतो, बाळा. बाजूला हो."

"तसा नाही. पाण्यात आहे. ड्रममधलं पाणी मी गाडीच्या टाकीत भरलं होतं. मग परत ओतलं."

"परत का ओतलंस?"

"वाया जाऊ नये म्हणून."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. गेनबा मात्र हसले नाहीत. "जयसिंग, आज नको रे," ते म्हणाले.

"काका, खरंच. जोक नाही."

"साखरपुड्यालाही हेच म्हणाला होतास."

हे खरं होतं. साखरपुड्याला जयसिंगने गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, की गुरुजी कात्रजच्या सर्पोद्यानात अडकलेत आणि दार उघडायला कुणी तयार नाही. गेनबांनी दोन माणसं पाठवली होती. गुरुजी तेवढ्यात रिक्षाने आले आणि त्या दोघांचा मुहूर्त चुकला. तेव्हा सगळी इमारत आठवडाभर हसली होती. त्याच हसण्यावर जयसिंग आजपर्यंत जगत आला होता. आता त्याला पहिल्यांदाच, आपलं बोलणं कुणी खरं धरावं, असं वाटत होतं, आणि त्याची सोय त्याने ठेवली नव्हती.

"आत्या," तो सरुबाईंकडे वळला. त्याचा आवाज बारीक आला. "तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही चला. ड्रम हुंगून बघा. मग फोन लावा."

सरुबाई खाली उतरल्या. त्यांच्यामागे सगळं घर उतरलं. तळाशी उरलेल्या पाण्यापर्यंत त्यांनी ड्रममध्ये मान घातली आणि बराच वेळ बाहेर काढली नाही. पाण्यावर निळाजांभळा तवंग हलत होता, दिसायला छान. मग त्यांनी त्याच नाकाने जयसिंगचा शर्ट हुंगला.

"पोरगं खरं बोलतंय," त्या म्हणाल्या. "अक्कल नाय, ती गोष्ट येगळी."

आता कुणी हसलं नाही. शिव्या आल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. सोजरबाई सरुबाईंसमोर हात जोडून उभी होती, आणि तिची मान खाली होती. ती मान आपल्यामुळे खाली आहे, हे बघत उभं राहण्यापेक्षा टाकी अंगावर उडालेली परवडली असती. गेनबा एवढंच म्हणाले, "जेवून जा."

पोरीला पुन्हा न्हाऊ घालायला इमारतीत पाणी नव्हतं. सरुबाईंनीच तोड काढली. "आमच्या हिरीला पाणी हाय. हा आणंल. गाडी चालती न्हवं?"

गाडी चालत होती. तेवढं एकच काम त्याने नीट केलं होतं. मागे कॅन, शेजारी सरुबाई, काचा लोणीपर्यंत खाली.

विहिरीवर नवरामुलगा संभाजी स्वतः कॅन भरायला आला. अंगभर पिवळा.

"पुण्यात पाणी नाही?"

"गुरुवार आहे."

"मग भरून ठेवलेल्या पाण्याला काय झालं?"

जयसिंगच्या जिभेवर नेहमीप्रमाणे दोन-तीन उत्तरं आली. त्याने ती गिळली आणि जे झालं ते सांगितलं. संभाजी कॅन भरत राहिला. झाकणं त्याने एकेक करून घट्ट लावली.

"तिला काही त्रास नाही ना झाला? पुरळ वगैरे?"

"नाही. नुसता वास."

"मग ठीक आहे," संभाजी म्हणाला आणि सगळ्यात जड कॅन स्वतः उचलून गाडीत ठेवला. जयसिंगला त्याच्याकडे बघवेना. तो सगळा वेळ कॅनच्या बुचाकडे बघत होता.

शालू दुसऱ्यांदा न्हाली, सासरच्या पाण्याने.

शुक्रवारी सकाळी गाडीखालची रांगोळीची रेघ कोरडी ठणठणीत होती. जयसिंगने ती कुणाला दाखवली नाही. त्याने सीटवर धुतलेली चादर घातली, आरशाला मोगऱ्याचे गजरे बांधले, आणि उदबत्ती लावावी की नको याचा विचार करून ती खिशात परत ठेवली. शालू पुढे बसली, तिचा हट्टच होता. नवरीला न्यायला आलेल्या सरुबाई मागे बसल्या.

हडपसर मागे पडलं. मग शालूने हळूच विचारलं, "जयदा, गाडीत वास येतोय का रे?"

जयसिंगने जोरात श्वास घेतला. "मला नाही येत. तुला?"

शालूने साडीचा पदर हुंगला, मग तळहात, मग गजरा. तिचा चेहरा पडला.

"मला गजऱ्याचासुद्धा येत नाहीये," ती म्हणाली.

दोघांनी एकदम मागे वळून बघितलं. सरुबाई समोर बघत होत्या. चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांनी आपल्या बाजूची काच खाली केली, आणि मग जरा विचार करून दुसऱ्या बाजूचीही.