माझ्या पंजातलं हाड

मित्रांनो, माझ्याविषयी आलेल्या एका पत्राला कितीतरी दिवस उत्तर गेलं नाही, तेव्हा माझा इतका संताप झाला की कपाटाची काच फोडावीशी वाटली. पण मी एक जुनी, पेंढा भरलेली पाणमांजर आहे. माझ्याने काय फुटणार?

एके काळी नदी आमची होती. या संग्रहालयाच्या प्रमुखांचे आजोबा कातडी विकायचे. त्यांनी सापळे लावून माझी पिल्लं, बहिणी, सगळं गोत संपवलं. मी शेवटची. मलाही मारून, पेंढा भरून त्यांनी इथे भेट म्हणून दिलं. त्यांचं कौतुक झालं आणि तसबीर माझ्यासमोर टांगली गेली. तिच्याकडे बघत मी सूड जपला. माझी कातडी टिकवायच्या औषधांनी तपासणीला निकामी झाली; पेंढा भरणारा आळशी, म्हणून पंजातली हाडं राहिली. त्याचं भलं होवो.

पुढे लोकांनी दुसरीकडच्या पाणमांजरांच्या दोन-तीन जोड्या नदीत सोडल्या. त्यांची प्रजा वाढली. मग नदीवर संशोधन करणाऱ्या बाईंचं पत्र आलं. प्रमुखांनी ते मोठ्याने वाचलं. आताची सगळी पाणमांजरं एकमेकांची जवळची नातलग आहेत, पिल्लं अधू जन्मतात. संग्रहालयातल्या पाणमांजरीचं जुनं हाड मिळालं, तर नदीतला मूळ वंश कळेल आणि त्या वंशाशी जुळणारी पाणमांजरं इतर नद्यांतून शोधून आणता येतील. आणि ही पाणमांजर कोणी मारली, तेही कळवावं.

पत्र खणात गेलं.

"उत्तर दिलंस का रे?" डबा घेऊन आलेल्या त्यांच्या ताईने एकदा विचारलं.

"कशाला? नदीत रग्गड झालीत पाणमांजरं."

"सगळी एकाच घरातली. सोयरीक कुठे जमवायची त्यांनी, तुझ्या तसबिरीशी?"

"ताई, आजोबांचं नाव निघेल."

"निघू दे. मागे ठेवलंय काय त्यांनी? सापळे आणि मिशा."

त्याच आठवड्यात नदीवरून एक पोतं आलं. आत दोन मेलेली पिल्लं होती, जबडे वाकडे. प्रमुख खाली मान घालून बसले. मला बरं वाटलं. पिल्लांसाठी जीवही तुटला. असं एकदम दोन्ही वाटावं का, मला अजून कळत नाही.

मग त्यांनी माझं एक बोट कापलं आणि 'कोणी मारली' याचं उत्तर स्वतःच्या हाताने लिहिलं: माझ्या आजोबांनी.

मित्रांनो, नुसती संख्या वाढवून नदी भरत नाही. वेगवेगळी घराणी जिवंत असतानाच जपा. प्रत्येक वेळी कपाटात एखादं हाड उरलेलं असेलच असं नाही.

मी बोट दिलं, माफी दिली नाही. खिडकीतून मला रस्त्यावरची टपालपेटी दिसते. तिथे प्रमुख लिफाफा हातात धरून घुटमळत होते.

"सोड आता," ताई म्हणाली.

त्यांनी सोडला.