ग्रेस मार्क

अक्कलदाढ काढली त्या दुपारी डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळपर्यंत बधिरपणा उतरेल. ओठाचा उतरला, गालाचाही उतरला. जिभेची डावी बाजू मात्र तशीच राहिली. दाढ मार्गशीर्षात काढली होती. आता होळी होऊन गेली.

बधिर म्हणजे काही नसणं, असं मला वाटायचं. तसं नाही. डावीकडे सारखं काहीतरी असतं. पत्र्यासारखी चव, आणि भाजल्यावर राहते तशी जाड साय. जीभ दाताखाली आली तर दुखत नाही. रक्ताची चव उजव्या बाजूला पोचली की मग कळतं.

डॉक्टर दिलसुखनगरचे, माणूस चांगला. नस तुटलेली नाही, ताणली गेली आहे, म्हणाले. महिने लागतील, कदाचित पूर्ण येणारही नाही. दाढ काढण्याआधी सही केलेल्या कागदावरही ‘क्वचित’ असं लिहिलं होतं. क्वचित म्हणजे किती, हे मी तेव्हाच विचारलं होतं. ते हसले होते. आता मी विचारत नाही आणि ते हसत नाहीत.

एरवी एवढं बिघडलं नसतं. पण मी लोणची आणि मसाले बनवणाऱ्या कंपनीत चव घेणाऱ्यांच्या पॅनेलवर आहे. एम.एस्सी. करून लोणचं चाटते, असं आई शेजाऱ्यांना सांगते. काम असं: समोर तीन वाट्या येतात, दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कोणती ते सांगायचं. मला ते जमायचं, मीठ चिमटीभर जास्त पडलं असलं तरी. जानेवारीत पुन्हा बसले आणि लागोपाठ चुकले. डावीकडची पत्र्याची चव प्रत्येक वाटीत मिसळत होती. तेव्हापासून पॅनेल बघणाऱ्या शिल्पा मॅडमनी मला लेबलं तपासायला बसवलं आहे.

“सोमवारी नव्या कैरीचं पॅनेल आहे,” परवा त्या म्हणाल्या. “तू येणार की मी दुसरी मुलगी घेऊ? मीही किती थांबू, हर्षदा?”

“येते मॅडम. सुधारतंय. मी घरी रोज तपासते.”

ते खरं होतं. म्हणजे, मला खरं वाटत होतं.

घरची तपासणी मीच बसवली होती. चार छोट्या बाटल्या: मिठाचं पाणी, साखरेचं पाणी, लिंबाचं पाणी आणि साधं पाणी. बाबांनी अफझलगंजहून कापूस गुंडाळलेल्या काड्यांचा मोठा पुडा आणला. मी डोळे मिटून जीभ बाहेर काढायची. बाबांनी यातल्या एका पाण्यात काडी बुडवून ती जिभेच्या डाव्या कडेला लावायची. जीभ आत घेतली तर उजवी बाजू चव पकडते, म्हणून बोलायचं नाही, बोटं दाखवायची. एक म्हणजे खारट, दोन गोड, तीन आंबट, चार म्हणजे साधं पाणी. मग बाबा सांगणार, बरोबर की चूक.

सुरुवातीला चारातलं एक बरोबर यायचं. आंधळेपणाने बोटं दाखवली तरी तेवढं येतंच. फेब्रुवारीत निम्मी बरोबर येऊ लागली. होळीच्या सुमाराला तर क्वचितच चुकायचं. मला स्वतःला फारसा फरक जाणवत नव्हता, पण वाटलं, मेंदूला आधी कळत असेल, मला नंतर कळेल. असं होतं, असं मी कुठेतरी वाचलंही होतं. तपासणाऱ्याला उत्तर माहीत असू नये, हे पहिल्या वर्षाला शिकवतात. पण गौलीगुड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत तसा तपासणारा कुठून आणणार?

शनिवारी संध्याकाळी बाबा कोचिंग क्लासचे पेपर तपासून आले. आल्यावर चहाही न घेता माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

“चल, हर्षू. काढ जीभ.”

मी डोळे मिटले. थोड्या वेळाने बाबा म्हणाले, “हं,” म्हणजे काडी लावून झाली. मी दोन बोटं वर केली.

“बरोबर.”

पुन्हा “हं.” एक बोट.

“बरोबर.”

तिसऱ्या वेळी टेबलावरचा फोन वाजला. माझ्या नसेच्या गोळीचा अलार्म. मी दचकून डोळे उघडले, बोटं तीन वर धरलेली. बाबांचे डोळे मिटलेले होते. काडी त्यांच्या हातात, हात गुडघ्यावर. बाटल्यांची झाकणं लावलेलीच होती.

“बरोबर,” बाबा म्हणाले.

मी जीभ आत घेतली. “बाबा, काडी लावली तुम्ही?”

त्यांनी डोळे उघडले. “लावली की.”

“कोरडी आहे.”

त्यांनी काडीकडे पाहिलं. मग बाटल्यांकडे. “आज जरा थकवा आला गं. डोळा लागला.”

“आणि काल?”

“काल लावली होती.”

“काल सगळी बरोबर होती का?”

बाबांनी काडी बाटल्यांशेजारी ठेवली. स्वयंपाकघरातून आई हात पुसत आली. तिने काही विचारलं नाही. आमच्या तोंडांकडे पाहूनच तिला कळलं.

“अहो, तुम्ही इथंपण ग्रेस दिले?”

बाबा ज्या मराठी शाळेत गणित शिकवायचे ती आता बंद पडली आहे. तिथे एखादं पोर नापास झालं की बाप पुढच्याच आठवड्यात त्याला तेलुगू नाहीतर इंग्रजी शाळेत घालायचा. वर्गात मोजकी पोरं. दोनचार गेली की वर्ग बंद, आणि वर्ग बंद झाला की मास्तरची बदली. म्हणून बाबांनी कधी कुणाला नापास केलं नाही. पस्तीसला जेवढे कमी पडत तेवढे ते घालत. आमच्या घरात ही लपवायची गोष्ट नव्हती, चेष्टेची होती.

“तो युवराज तुमचा,” आई म्हणाली, “गणितात दर वर्षी ग्रेसवर. बँकेत कॅशियर झालाय म्हणे.”

“म्हणून तर मी त्या शाखेत जात नाही,” बाबा म्हणाले. कुणी हसलं नाही. मग ते माझ्याकडे वळले. “तू चुकलीस की तुझं तोंड एवढंसं व्हायचं. एकदा बरोबर म्हणालो तर त्या रात्री पोटभर जेवलीस. मला वाटलं, जेवतेय तोवर नस आपोआप येईल. पेपरला दोन मार्क घातले तर कुणाचं काय जातं?”

“माझी नोकरी जाते, बाबा. सोमवारी मी तिथे बसून वाट्टेल ती वाटी उचलली असती. आणि मी मॅडमना सांगितलंय, सुधारतंय.”

“हौ,” ते म्हणाले. एवढंच.

मला रागवायला हवं होतं. त्यालाही जोर लागतो. मी आईला म्हटलं, “तू आत जा. वाटीत कुठलं पाणी आहे ते तुलाच ठाऊक असू दे. वाटी बाबांना दे. मी बोटं दाखवली की मग आतून सांग.”

“स्वयंपाक राहिलाय माझा.”

“आई.”

“नक्को म्हणतेय का मी? देते.”

आई वाटी देऊन आत गेली. बाबांनी काडी बुडवली. मी जीभ बाहेर काढली. या वेळी काडी लागल्याचा भास झाला की खरंच लागली, हेही सांगता येईना. आतापर्यंत मी अंदाज करत होते. आज ठरवलं, जे जाणवतंय तेवढंच सांगायचं. मी चार बोटं दाखवली. काही नाही.

“मीठ होतं,” आतून आई.

बाबांनी घसा साफ केला. “चूक.”

दुसरी वाटी. चार बोटं.

“लिंबू.”

“चूक,” बाबा म्हणाले. या वेळी जरा लवकर.

तिसरी. चार.

“साखर.”

त्यांना वेळ लागला. माझे डोळे मिटलेले होते, पण स्टूल करकरलं. “चूक, हर्षू.”

चौथ्या वाटीलाही मी चारच बोटं दाखवली.

“साधं पाणी,” आई म्हणाली.

“बरोबर,” बाबा म्हणाले, आणि लगेच, “पण हे धरायचं नाही.”

“नाही धरायचं,” मी म्हटलं.

त्यांनी काड्या गोळा केल्या, कचऱ्यात टाकल्या आणि बाटल्या धुवायला घेऊन गेले. मी फोन घेतला. शिल्पा मॅडमना लिहिलं की मी सांगितलं ते चुकीचं निघालं, डावी बाजू आली नाही, सोमवारी दुसरी मुलगी घ्या. बाबांचं नाव लिहिलं नाही. तपासणीत चूक होती, एवढंच लिहिलं.

उत्तर लगेच आलं. ‘बरं झालं आधी कळवलंस. सध्या लेबलं बघ. पुढचं महिनाअखेरीला बोलू.’ पुढचं म्हणजे काय ते मला माहीत होतं. तिथे माझं काम चव घेण्याचं होतं, लेबलांचं नव्हे.

आईने ताटं वाढली. पप्पू-भात, म्हणजे इथलं घट्ट वरण आणि भात, वर कढत तूप. मी घास उजवीकडे घेतला. बाबा समोर बसले होते.

“मीठ कसं झालंय?” आईने सवयीने विचारलं, आणि विचारल्यावर थबकली.

बाबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू सांग.”

“उजवीकडून बघितलं तर जरा कमी आहे,” मी म्हटलं.

बाबांनी एक घास घेतला. सावकाश चावला.

“बरोबर,” ते म्हणाले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले, तेव्हा त्यांनी मिठाची डबी उघडून आधी स्वतःच्या भातावर चिमूट टाकली, आणि मग ती माझ्याकडे सरकवली.