पांढरी पाच

माझी बहीण गाते. म्हणजे घरात नाही. घरात ती फक्त बोलते, आणि तेही भरपूर. गाते ती हॉलमध्ये, पायघोळ गाऊन आणि कोपरापर्यंतचे हातमोजे घालून. आमच्या आजीच्या तरुणपणी लोक ज्यांवर नाचायचे, ती गाणी. बाहेरच्या पाटीवर तिचं नाव ‘मखमल’ असं लिहिलेलं असतं. ते तिच्या पहिल्या मालकाने ठेवलं. घरी ती ताईच. तिचे गाऊन मी शिवते. मी शिंपीण आहे. शहरातल्या निम्म्या बायकांच्या कंबरांची मापं माझ्या डोक्यात आहेत, आणि एकीचंही मी कुठे बोललेले नाही.

ताईची सुरुवात झाली एका हॉटेलच्या जेवणघरात. लोक सूप पीत असायचे आणि ही कोपऱ्यात उभी राहून विरहाची गाणी म्हणायची. चमच्यांच्या खणखणाटावर आवाज चढवायला ती तिथेच शिकली. मग कॅबरे आला. खुर्चीवर पाय ठेवायचा, पुढच्या रांगेतल्या कुणाची तरी टोपी उचलून आपल्या डोक्यावर घालायची, गाणं संपलं की ती शेजारच्याच्या डोक्यावर ठेवून निघून जायचं. हशा ठरलेला. पुढे जमाना बदलला, विजेवरची वाद्यं आली, टोप्या गेल्या. तेव्हा ताईने दुकानांच्या उद्घाटनांना गायलं, म्हाताऱ्यांच्या क्लबात गायलं. एकदा तर बोटीवर गायली. तिथे निम्मे श्रोते कठड्याला धरून ओकत होते, तरी तिने एकही कडवं गाळलं नाही. आणि मग एक दिवस हीच गाणी पुन्हा फॅशनमध्ये आली. जुनं ते सोनं म्हणतात, पण त्याचं सोनं होईपर्यंत जुन्याला कुणी विचारत नाही, हे कुणी सांगत नाही. आता हॉल भरतो. पोरं आजोबांच्या टोप्या घालून येतात आणि ताईने आपलीच उचलावी म्हणून पुढच्या रांगेसाठी भांडतात.

या सगळ्यात पियानोवर एकच माणूस होता. त्याला सगळे मास्तर म्हणतात. ताईचं आणि मास्तरांचं लग्न झालेलं नाही, पण लग्नानंतर होतात ती सगळी भांडणं झाली आहेत.

आता पट्टीचं सांगायला हवं. गाणाऱ्याची पट्टी म्हणजे आमच्या धंद्यातलं कंबरेचं माप. तरुणपणी ताई काळी पाचमध्ये गायची. पियानोच्या त्या काळ्या पट्टीवर तिचं गाणं उभं राहायचं आणि तिथून वर चढायचं. वयाबरोबर आवाज खाली बसतो. सगळ्यांचाच बसतो, पण ताईला ‘सगळे’ हा शब्द स्वतःसाठी चालत नाही. म्हणून मास्तरांनी तिला न सांगता गाणी खाली आणली. आधी एक घर, म्हणजे पियानोच्या लगतच्या पट्टीवर; काही वर्षांनी आणखी एक, मग आणखी एक. वरचा सूर तिला नेहमीसारखा लागायचा आणि ती ऐटीत म्हणायची, “बघा, अजून काळी पाच!”

मला हे ठाऊक होतं, कारण मीही तेच करत होते. ताईचा काळा गाऊन दर हंगामाला काखेखाली उसवायचा आणि आत तसल्याच कापडाचा बोटभर तुकडा जोडायचा. एकदा मी तुकडा जोडत असताना मास्तर खोलीत आले. ते बघत राहिले आणि म्हणाले, “धाकट्या बाई, तुम्हीही?” मग त्यांनी मला पट्टीचं सांगितलं. त्या दिवसापासून आमचं गुपित एक झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चौथं घर त्यांनी उतरवलं ते गेल्या हिवाळ्यात. ताईला जबर सर्दी झाली होती. पंधरवडाभर आवाज म्हणजे नुसती खरखर. मास्तर काळी तीनवर आले. सर्दी गेली, तरी ते तिथेच राहिले. ताई म्हणाली, “छाती काय मोकळी झालीय! गाणं कसं लोण्यासारखं निघतंय.” आम्ही दोघांनी माना हलवल्या.

ताईची रेकॉर्ड कधी निघाली नव्हती. तिच्याबरोबरच्या सगळ्यांच्या निघाल्या, अगदी जिला ती ‘दाराचं बिजागर’ म्हणायची त्या गायिकेचीसुद्धा. हिचा आवाज तेवढा चमच्यांनी आणि भिंतींनी ऐकला. एकदा मी तिचा गाऊन इस्त्री करत होते तेव्हा ती म्हणाली होती, “मी गेल्यावर काय राहणार गं? तुझे टाके तरी राहतील.” मी तिला गप्प बस म्हटलं. पण ते वाक्य मला लागलं.

म्हणून या वर्षी एक रेकॉर्डवाला आला आणि म्हणाला की हॉलमधलाच कार्यक्रम, श्रोत्यांसकट, जसा होईल तसा उतरवून घेतो, तेव्हा ताई दोन दिवस कुणाशी भांडली नाही. एकच संध्याकाळ होती. पुन्हा गाणं नाही, काटछाट नाही. त्याला म्हणे खरेपणा हवा होता. खरेपणा हवा असलेली माणसं फार धोकादायक असतात.

आणि त्या आठवड्यात मास्तर बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि मनगट मोडून घेतलं. सगळं आयुष्य हातांवर काढलेला माणूस बल्बसाठी स्टुलावर चढतो, याला काय म्हणावं? मी भेटायला गेले तर प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून पडलेले. मला जवळ बोलावून म्हणाले, “बदलीवर जी येईल तिला हळूच सांगा. काळी तीन. ताईंसमोर नको.”

बदलीवर आली नाचाच्या शाळेत पियानो वाजवणारी बाई. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पाठ ताठ. वाजवताना ती ओठांतल्या ओठांत एक-दोन-तीन-चार म्हणायची. मी मुद्दाम लवकर गेले आणि तिच्या कानाशी लागले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “गाणारीची पट्टी मी गाणारीलाच विचारते. शिंप्याला नाही.”

तेवढ्यात ताई आलीच. बाईने अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “पट्टी कोणती?”

रेकॉर्डवाला तारा ओढत होता, हॉलचा मालक खुर्च्या लावून घेत होता. मी ताईच्या पाठीमागे उभी होते. ती आता काळी पाच म्हणणार आणि शेवटच्या गाण्यात तिचा आवाज सगळ्यांसमोर फुटणार, हे मला दिसत होतं. ते कायमचं रेकॉर्डवर राहणार होतं.

ताई म्हणाली, “पांढरी पाच.”

पांढरी पाच म्हणजे तीन घरं खाली. मी खालीच बसले. तालमीत तिने गाण्यांची नुसती तोंडं म्हटली. चढे सूर ती तालमीत कधीच लावत नाही, ते गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवते. दोन ठिकाणी मान वाकडी करून ती मला म्हणाली, “ही बाई कडक वाजवते, नाही?” बाई कडक वाजवत नव्हती. बाई एक घर वर वाजवत होती.

मेकअपच्या खोलीत मी गाऊनची बाजू बसवत होते, तोंडात टाचण्या धरून. ताई आरशात बघून बोलायला लागली.

“तुम्हाला दोघांना वाटतं मी भोळी आहे. मास्तर पट्टी उतरवतात तेव्हा काय करतात माहितीये? माझा पाण्याचा पेला पियानोच्या पलीकडच्या कडेला नेऊन ठेवतात. मी तिकडे जाऊन उभी राहावी, त्यांचे हात मला दिसू नयेत म्हणून. तीनदा पेला हलला. तीनदा मी मुकाट्याने तिकडे गेले. पहिल्यांदा घरी येऊन रडले, नंतर नाही. एवढा माणूस माझ्यासाठी चोरासारखा वागतोय, त्याला कसं सांगायचं की चोरी दिसतेय?” मग तिने हात वर केला आणि काखेखाली चाचपलं. “आणि हे तुझे तुकडे. कापड मिळतंजुळतं आणतेस, तेवढं मात्र मानलं.”

मला राग आला, लाज वाटली आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. पण त्याहून मोठी गोष्ट जिभेवर होती. तीन नाही गं ताई, चार. सर्दीत पेला हलवायची गरजच पडली नव्हती, तेव्हा तू पाण्याऐवजी थर्मास घेऊन खुर्चीवर बसून गात होतीस. हे सांगितलं तर ती आणखी खाली येईल आणि सुखरूप गाईल. पण आता कुठे तिने स्वतःच्या तोंडाने तीन घरं कबूल केली होती. चौथं तिच्या पदरात टाकायचं, तेही पडदा वर जायच्या आधी? मी गप्प राहिले. पुढे मास्तरांनी याला माझं शहाणपण म्हटलं. खरं सांगायचं तर तोंडात टाचण्या होत्या.

कार्यक्रम चांगला झाला. टोपी उचलली, शेजारच्याच्या डोक्यावर ठेवली, पोरं हसली. शेवटच्या गाण्याआधी ताई थांबली. बाईने बोटं पट्ट्यांवर ठेवली होती. ताईने तिला हातानेच थांबवलं आणि माइकजवळ गेली.

“हे गाणं मी काळी पाचमध्ये गायचे,” ती म्हणाली. “आमच्या मास्तरांनी मला तीन घरं खाली आणलं. मला कळू नये म्हणून दर वेळी माझा पेला हलवला. आज ते इथे नाहीत, घरी ऐकतील. मास्तर, पेला दिसत होता.”

लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. ते हसले. मी पडद्याआड उभी होते. गाणं वर चढत गेलं. त्या शेवटच्या सुराच्या आधी एक जागा आहे, तिथे ती नेहमी डावा हात कमरेवर ठेवते. या वेळी तिने दोन्ही ठेवले. सूर आला तेव्हा त्याला कड होती. थोडा किनारीला फाटल्यासारखा आला, पण आला, आणि ती म्हणेल तितका वेळ उभा राहिला. ताईच्या कपाळावर शीर उठली होती. आत आल्यावर ती एवढंच म्हणाली, “कडक वाजवते ही बाई.”

रेकॉर्ड आली तेव्हा मी ती घेऊन मास्तरांकडे गेले. दुपार होती. त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर ठेवला, डोळे मिटले आणि ऐकायला बसले. पेल्याचं वाक्य आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे न बघता ते खिडकीकडे बघायला लागले. मग शेवटचं गाणं सुरू झालं आणि पहिल्याच सुराला ते ताठ झाले. त्यांचा डावा हात टेबलावर फिरला, पट्ट्या शोधल्यासारखा.

“ही काळी तीन नाही,” ते म्हणाले.

“नाही. पांढरी पाच. तिला तीनच माहीत आहेत.”

वरचा सूर आला, उभा राहिला, संपला. टाळ्या झाल्या. मास्तरांनी सुई उचलली नाही, ती शेवटच्या रेघेत खरखरत राहिली.

“सर्दीत उतरवली होती,” ते म्हणाले. “परत चढवायला हवी होती. मला वाटलं, आता नाही जमणार तिला. मला वाटलं, धाकट्या बाई. तिला कधी विचारलंच नाही.”

मी उठून सुई उचलली. ते प्लास्टरकडे बघत होते.

“हे निघालं की,” ते म्हणाले, “काळी चार करून बघू.”

म्हणजे पांढरी पाचच्याही एक घर वर. मी विचारलं, “पेला कुठे ठेवायचा?”

“माझ्याजवळ,” मास्तर म्हणाले. “हातांसमोर. तिला हात दिसतील असा.”