सात नंबरची साक्ष

मित्रांनो, मी एक म्हातारी पहारेकरी कोंबडी आहे. हसू नका. कुत्रा चोर आल्यावर भुंकतो, मी चोर दिसायच्या आधीच वर्दी देत असे. माझ्या अंड्याचं कवच इतकं टणक होतं, की ते फोडायला मला तीन दिवस लागले आणि चौथा दिवस मी नुसती दम खात बसले. आई आता हयात नाही, त्यामुळे हे खोडून काढणारं कोणी उरलेलं नाही. पुढचं मात्र अक्षरन् अक्षर खरं आहे.

पाणथळीच्या काठावर चार खांबांवर आमचा जाळीचा पिंजरा होता. आम्ही आठ जणी. माझ्या पायात सात नंबरचं कडं. काम एकच, डास चावून घ्यायचे. डासातून विषाणू अंगात आला तरी आम्ही आजारी पडत नाही, पण रक्तात त्याची खूण उमटते. ती बघायला दर पंधरवड्याला टोचेकाका यायचे. त्यांचं खरं नाव कोणी घेतच नसे. पंखाखालची शीर शोधायची, सुई घालायची आणि म्हणायचं, "झालं हं, झालं." तेव्हा काहीच झालेलं नसायचं.

काकांची धाकटी बहीण पाणथळीलगतच्या शेवटच्या घरात राहायची. लव्हाळं कापून चटया विणायची. हात चपळ आणि जीभ त्याहून चपळ. कुंपणापाशी उभी राहून म्हणायची, "दादा, घरात वहिनीपुढे मान खाली आणि इथे कोंबडीवर सुई. शूर आहेस हो!" काका हसायचे. मीही हसायचे, पण चोचीत ते दिसत नाही.

तीन वर्षं माझं रक्त स्वच्छ निघालं. पाहुणे यायचे, फोटो काढायचे, शाबासकी द्यायचे. आणि एका पंधरवड्याला माझ्या आणि तीन नंबरच्या रक्तात खूण उमटली. प्रयोगशाळेतल्या तपासनीसबाई चक्रावल्या. काकांनी बहिणीला सांगितलं ते मी ऐकलं. ओळखीच्या तीन विषाणूंशी थोडं थोडं जुळत होतं, पूर्ण कुणाशीच नाही. त्याच घराण्यातला कोणी नवा चुलतभाऊ असावा, असं बाईंचं म्हणणं. त्यांना इथले डास पकडून हवे होते. त्यांच्यातून विषाणू वेगळा काढायचा, वाढवायचा, त्याची जातकुळी वाचायची. तोवर काठावरच्या घरांना मच्छरदाण्या द्या, असंही त्यांनी लिहून दिलं.

मोठे साहेब म्हणाले, दोन कोंबड्यांसाठी वस्तीत घबराट नको. मग त्यांनी नियम काढला. खूण उमटली की कोंबडी बाद, कारण ती खूण पुसली जात नाही आणि पुढची नवी बातमी तिच्याकडून कळत नाही. नियमाला मी नावं ठेवत नाही. पण साहेबांनी आठही जणी बदलल्या आणि पंधरा दिवसांनी त्या नव्या पोरींचं रक्त तपासलं. डास चावायला वेळ लागतो, खूण उमटायला आणखी वेळ लागतो. ती कुठून दिसणार? अहवालात लिहिलं, 'खूण आढळली नाही. धोका टळला.' खाली रक्त काढणाऱ्याची सही, म्हणजे काकांची.

कोंबडं झाकून सूर्य अडवणारे ऐकले होते. कोंबडं बदलून अडवणारे मी पहिल्यांदाच पाहिले.

बाद झालेल्या कोंबडीचं काय करतात ते सांगत नाही, तुम्ही लहान आहात. अहवाल गेला त्या दिवशी काकांनी मला काखोटीला मारून बहिणीच्या दारात सोडलं.

"अंडी घालते का?" तिने विचारलं.

"आता नाही घालत."

"मग काय, बोलते?"

"बोलली होती," काका म्हणाले.

ते मच्छरदाणीविषयी काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "टळलं म्हणून लिहिलंय ना तुम्ही लोकांनी?" काका म्हणाले, "लिहिलंय." आणि सायकलवर बसून गेले.

तिसऱ्या आठवड्यात तिला ताप भरला. मग आकडी आली. काठावरची अकरा माणसं एकापाठोपाठ एक आडवी झाली, त्यातली चार उठलीच नाहीत. आता मात्र डास पकडले गेले. बाईंनी विषाणू वेगळा काढला आणि वाचला. चुलतभाऊच निघाला. मग त्यांनी शीतपेटीतून माझ्या रक्ताची जुनी नळी काढून ताडून पाहिली. तोच. पेपरात साहेबांचा फोटो आला. 'अवघ्या नऊ दिवसांत नवा विषाणू ओळखला.' माझी नळी साठ दिवस वाट पाहत पडली होती. तिचा फोटो नव्हता.

बहीण वाचली. उजव्या हाताला आता लव्हाळं धरवत नाही, आणि शब्द येत नाहीत. अधूनमधून तिचंही रक्त तपासायला न्यावं लागतं. ते काकाच काढतात. कोपरावरची शीर शोधतात आणि म्हणतात, "झालं हं, झालं." मी कान देऊन बसते, आता ती काहीतरी टोमणा मारेल म्हणून.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. माझे दाणे वेळेवर मिळतात. एवढंच सांगते, कोणी अप्रिय बातमी आणली तर आधी बातमी तपासा. आणणारा बदलून बातमी बदलत नाही.

आता त्या घरात मच्छरदाणी आहे. काकांनी स्वतः बांधली. चारही कोपऱ्यांना दुहेरी गाठी मारल्या आहेत, आणि आले की दर वेळी त्या ओढून बघतात.