घंगाळातली पावलं

बारा दिवसांचं पोर चाललं!

महाराजांनी त्याला काखेखाली धरून चांदीच्या पादुकांवर टेकवलं, आणि त्या चिमुकल्या पायांनी एक पाऊल उचललं, मग दुसरं, मग तिसरं. मठात एकच गिल्ला झाला. बायका डोळ्यांना पदर लावू लागल्या, पुरुषांनी हात जोडले.

"पोर चालतंय व्हय?" नाथाजी महाराज गरजले. "न्हाई! आईबापाचं पुण्य चालतंय! मी कोन? मी निस्ता हात! कळस त्याचा, पाया त्याचा, मी मधली वीट!"

"पाऊलबाबा महाराज की जय!"

गणपती दूध प्यायले म्हणून सगळा महाराष्ट्र वाट्या-चमचे घेऊन धावला होता, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. माळेवाडी त्या धावण्यातून अजून थांबलीच नव्हती. दर गुरुवारी मठापुढं जीपगाड्या लागायच्या, आणि कवठे महांकाळपासून माणसं तान्ही पोरं बाळुत्यात गुंडाळून आणायची.

गर्दीच्या पार मागं दीपमाला उभी होती. ती रडत नव्हती, जय म्हणत नव्हती. महाराजांचे हात तेवढे बघत होती.

तिचं बाळही याच पादुकांवर असंच चाललं होतं. तिचं माहेर कुंडलचं. पहिलं बाळंतपण तिथं झालं, बारसं तिथंच झालं, आणि बारशानंतर सासूबाई राहीबाई नातवाला मठात घेऊन आल्या. पोरगं तुरुतुरु चाललं. राहीबाईंनी गावभर पेढे वाटले. मग रीतीप्रमाणं दीपमाला तीन महिने माहेरी राहिली. तिच्या आईनं बाळाला तेल लावलं, शेक दिला, न्हाऊ-माखू घातलं. पोर असं गुटगुटीत झालं की मांडीला वळ्या पडल्या. पाळणा घेऊन ती सासरी परतली, तेव्हा दारात तिला ओवाळलं गेलं.

त्याच गुरुवारी पोराला पुन्हा पादुकांवर धरलं. पाय लोंबत राहिले. एक अंगठासुद्धा हलला नाही.

महाराजांनी डोळे मिटले, उघडले, आणि साऱ्या गावादेखत बोट रोखलं. "हिच्या माहेराची सावली हाय पोरावर. सावलीनं पाय खाल्ले! पोर चालंस्तवर आईनं शिवायचं न्हाई."

झालं! राहीबाईंनी बाळ हिसकावून घेतलं. नवरा कृष्णात फौजी, रजेवर आलेला. सरहद्दीवर छाती काढून उभा राहणारा गडी आईपुढं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा राहिला. संध्याकाळच्या एसटीनं दीपमालाला कुंडलला धाडलं. पोराला शेळीचं दूध सुरू झालं आणि इकडं आईचं लुगडं दुधानं भिजत राहिलं.

छाती दगडासारखी झाली, ताप भरला, तेव्हा भावानं तिला सांगलीला नेलं. डॉक्टर अनसूयाबाई मूळच्या वाईच्या. तपासता तपासता त्यांनी विचारलं, "बाळ कुठं आहे?" आणि दीपमालाचा बांध फुटला.

सगळं ऐकून बाई हसल्या नाहीत. संतापल्या.

"अगं, तान्ह्या बाळाला उभं धरून तळवे टेकवले की पाय आपोआप उचलले जातात. जगातलं जवळपास प्रत्येक बाळ करतं. ती उपजत प्रतिक्रिया असते. दोन-तीन महिन्यांत ती दिसेनाशी होते."

"मग पाय जातात कुठं?"

"कुठंही नाही. बाळ भराभर बाळसं धरतं, पाय जड होतात, स्नायूंची ताकद मागं पडते. परदेशात संशोधकांनी हे तपासलंय. लहान बाळाच्या पायाला वजन बांधलं तर पावलं कमी पडतात. आणि पाय जड झालेल्या बाळाला कोमट पाण्यात छातीपर्यंत उभं धरलं, तर पाणी पायाचा भार घेतं आणि पावलं परत दिसतात."

दवाखान्यात लस टोचायला आलेलं एक गोबरं बाळ होतं. त्याच्या आईला विचारून बाईंनी टब भरला. बाहेर लोंबणारे पाय पाण्यात चालू लागले. दीपमाला बघतच राहिली. त्याला बाहेर काढलं, पाय थांबले.

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. महाराजाचा धंदा अख्खा दिसला. बारशाला पोर चालणार, ते त्याचं देणं. लेकुरवाळी सासरी परतायला आणि पाय थांबायला एकच गाठ पडणार, ते सुनेचं पाप. आणि वरीसभरानं पोर आपसूक चालणार, तेव्हा हा पुन्हा हात वर करणार! नाथाजीची आई सुईण होती. तान्ह्यांचे पाय तो लहानपणापासून बघत आला होता. त्याला सगळं ठाऊक होतं.

"बाई," ती म्हणाली, "मला बाळ पायजे. पन निस्तं बाळ न्हाई. ज्या तोंडानं मला सावली म्हनला, त्याच तोंडानं त्यानं परत घ्यावं."

"सगळीच बाळं पाण्यात पाय उचलतील असं नाही हं. तुझं नाही उचललं तर?"

दीपमालानं टबातल्या पाण्यात हात बुडवून बघितला. मग म्हणाली, "तर गेलंच समजा. पन असं बसून बी गेलेलंच हाय."

म्हणून त्या गुरुवारी, बारा दिवसांचं पोर चालून झाल्यावर, ती गर्दीतून पुढं आली. अनसूयाबाई पाठोपाठ होत्या.

"महाराज, पदर पसरते. शेवटची विनवनी. तुमच्याच हातानं, तुमच्याच तीर्थात माझ्या लेकराला हुभं करा. चाललं तर माझी सावली सुटली म्हना. न्हाई चाललं तर या गावात पुन्यांदा पाऊल टाकनार न्हाई."

महाराजांनी मनातल्या मनात हिशेब केला असणार. चाललं तर आपला चमत्कार, नाही चाललं तर ब्याद टळली. दोन्हीकडून आपलीच चांदी!

"आना घंगाळ!"

मठाचं तांब्याचं घंगाळ आलं. "पाणी कोमट हवं, बाळ आहे," अनसूयाबाई म्हणाल्या. महाराजांनी वरून कमंडलूतले चार थेंब शिंपडले आणि दर गुरुवारी नातवाला घेऊन येणाऱ्या राहीबाईंच्या कडेवरचं पोर पाण्यात उभं धरलं.

पोरगं पाणी बघून गप्प झालं. पाय हलले नाहीत. दीपमालाचा जीव टांगणीला लागला. हल रं माझ्या सोन्या, हल.

आणि उजवा पाय उचलला गेला. मग डावा.

"सावली सुटली!" महाराज आनंदानं ओरडले. "माझ्या तीर्थानं सुटली! माय निर्मळ झाली!"

"समद्यांनी ऐकलं न्हवं?" दीपमालानं वळून विचारलं. "आत्याबाई, तुमी ऐकलं?"

"व्हय, ऐकलं," राहीबाई पुटपुटल्या.

तिनं ओलंचिंब पोर छातीशी घेतलं. त्यानं वास ओळखला आणि तोंड खुपसलं. दुसरी कुणी असती तर तशीच एसटी स्टँडवर गेली असती. पण दीपमालाच्या पोटात आग होती. ती अशी विझणारी नव्हती.

"महाराज, आता पादुकांवर बी चालवा की. सावली तर सुटली."

महाराज चपापले. लोक बघत होते, नाही कसं म्हणणार? पोराला पादुकांवर धरलं. पाय लोंबले.

"आता पाण्यात." पाय चालले. "आता भाईर." थांबले.

"आता ह्ये पानी वता. आडाचं साधं आना, ऊन करून. तीर्थाचा थेंब नको." यावेळी पोराला अनसूयाबाईंनी धरलं. पाय चालले!

गर्दीत कुजबुज सुरू झाली. मघाच्या बारा दिवसांच्या बाळाची आई, श्रद्धा, पुढंच बसली होती. दीपमाला तिच्यापाशी गेली. "बाई, तीन महिन्यांनी तुझ्यावर बी हीच पाळी हाय. दे बाळ." श्रद्धानं एकदा सासूकडं पाहिलं आणि बाळ दिलं.

दीपमालानं पायातली चप्पल काढली, पदरानं पुसली, पादुकांशेजारी ठेवली. बाळ चपलेवरून चाललं, अगदी महाराजांच्या पादुकांवर चाललं तसंच.

"अरारारा!" कुणीतरी म्हणालं. "चप्पल बी पावली!" मठात पहिल्यांदाच खदखदून हसू फुटलं.

अनसूयाबाईंनी मग सगळ्यांना उलगडून सांगितलं, पाय का चालतात, का थांबतात, पाणी काय करतं. महाराज मागच्या दाराकडं सरकले, पण तिथं त्यानंच सावलीचा ठपका ठेवलेल्या बायका उभ्या होत्या. एकीला मारहाण झाली होती. एकीला अजून घरात घेतलं नव्हतं. त्या वाट सोडेनात.

"जाऊ द्या की त्यास्नी," दीपमाला म्हणाली. "पन आदी बोलू द्या. नाथाजी, माझ्या सावलीत काय हुतं?"

"काय... काय न्हवतं."

"मोठ्यानं."

"काय न्हवतं!"

"आता ह्या बायांच्या?"

नाथाजीनं एकेकीपुढं उभं राहून तेच म्हटलं. शेवटच्या बाईनं त्याला तीनदा म्हणायला लावलं.

कृष्णात जवळ आला. "घरी चल," म्हणाला.

"इन. पन आदी आईला इचारून या, सावलीसकट घेनार का. आनि तुमी बी ठरवा, माझ्या बाजूनं हुभं ऱ्हानार का." तिनं बाळ पदराखाली घेतलं आणि कुंडलची एसटी धरली. राहीबाई आठवड्यानं स्वतः न्यायला आल्या, तेव्हा पडवीत त्यांना निम्मी दुपार बसवून ठेवलं, मगच ती त्यांच्याबरोबर निघाली.

वर्ष सरलं आणि पोरगं कुणाच्या तीर्थावाचून, कुणाच्या नारळावाचून चाललं. ऊन तिरपं पडलं होतं, आई पुढं हात पसरून बसली होती, आणि पहिली पावलं त्यानं तिच्याच सावलीवर टाकली. तेव्हापासून तान्ही पोरं घेऊन कुणी विचारायला आलं, की दीपमाला एकच सांगते: "पोर येळंला चाललं न्हाई तर डॉक्टरला इचारा. सुनंला न्हाई."