तळ्याकाठचं बोरन्हाण

रेवतीचं बोरन्हाण रथसप्तमीच्या आत झालंच पाहिजे, हा सासूबाईंचा हट्ट. माझा नवरा साकेत आईचा हट्ट मोडत नाही, बायकोचा बिनधास्त मोडतो. "गुडगावच्या बंद फ्लॅटमध्ये कसलं बोरन्हाण? बाळाला जरा आकाश दिसू दे," आई म्हणाल्या, आणि रविवारी मित्रांची मुलं गोळा करून आम्ही सुलतानपूरच्या पक्ष्यांच्या तळ्यावर निघालो. खाण्याचं आत नेऊ नका, असं गेटवर गार्डने बजावून सांगितलं. आईंनी सगळं डायपरच्या पिशवीत तळाशी दडपलं होतं. मला दिसलं, पण सणाच्या दिवशी वाद नको म्हणून मी पिशवी खांद्याला लावली.

पाण्याला लागूनच चादर अंथरली. काळं झबलं, हलव्याचे दागिने, रेवती नुसती हसत होती. आईंनी तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, आणि मुलांना वेचायला मजा यावी म्हणून सरोजिनी नगरच्या बाजारातून आणलेली केसांची रंगीत रबरंही. आमच्या लहानपणी आम्ही अशा वेळी तुटून पडायचो. ही दिल्लीत वाढलेली मुलं, त्यांना काय ठाऊक? ती फोटो काढत उभी राहिली.

"अरे उचला, लुटा," आई सांगत राहिल्या. तोवर काही रबरं पाण्यात पडली होती.

तिथेच एक रंगीत करकोचा मासे शोधत फिरत होता. त्याने लाल रबरावर चोच मारली, आणि मान वर केली तेव्हा ते चोचीवर चढलेलं होतं. पायाने काढायला गेला तर आणखी वर सरकून घट्ट बसलं. चोच उघडेना. तो ती पाण्यात बुडवायचा आणि तशीच मिटलेली बाहेर काढायचा. पुन्हा बुडवायचा.

साकेत धावत जाऊन गार्डला घेऊन आला. गार्डने पाहिलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"उड़ता पंछी हाथ नहीं आता, माताजी. भूखा रहेगा, कमज़ोर होगा, उड़ना छोड़ देगा, तब पकड़ लेंगे."

"उसके पहले कुछ नहीं हो सकता?" साकेतने विचारलं.

"कुछ नहीं."

रेवती भुकेने रडायला लागली. मी मऊभाताचा डबा आईंपुढे धरला.

"तू भरव ग, माझ्याच्याने नाही होणार," त्या म्हणाल्या. मला त्यांचा संताप येत होता आणि त्यांना जवळही घ्यावंसं वाटत होतं. दोन्हींपैकी मी काहीच केलं नाही.

इतक्यात करकोच्याने पंख पसरले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आई चपलांसकट चिखलात उतरल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "नको रे उडूस, राजा. बस खाली."

तो उडाला. तळ्यावर एक मोठी घिरटी घेऊन पलीकडच्या झाडांवरून दिसेनासा झाला. त्याच्या पंखांत अजून भरपूर ताकद होती.