काचेआडचा ढोल

मित्रांनो, अंथुर्ण्याजवळच्या पर्यटन केंद्रात तुमची सहल आली असेल, तर जेवणाच्या ओसरीत काचेच्या कपाटात तुम्ही मला पाहिलं असेल. माझ्या पायाशी पाटी आहे, 'मेंढपाळांचा पारंपरिक ढोल. हात लावू नये.' आत वारा येत नाही. दुपारी काच तापते आणि माझं कातडं आकसतं, तरी मला हलता येत नाही.

माझा जन्म सुप्याच्या माळावरचा. मेंढपाळ महिपती आबांच्या वडिलांनी शिवणीचं लाकूड कोरून मला घडवलं आणि दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं ताणलं. पुढं मी महिपती आबांकडं आलो. बिऱ्हाडाच्या घोड्यावर बसून मी मेंढरांमागं पुष्कळ हिंडलो. मेंढरं बसली की आबा मला मांडीवर घेत आणि ओवी लावत. दिवसभर चालणाऱ्या माणसाची ती ओवी, तिची एकेक ओळ माळासारखी लांब असायची. एकदा लांडग्यानं कोकरू नेलं, तेव्हा त्या कोकराच्या आईचं ओरडणं आबांनी असं गायलं की चुलीपाशी बसलेल्या आक्काबाई, म्हणजे त्यांची बायको, पदरानं डोळे पुसू लागल्या.

पुढं माळाला कुंपणं पडली, ऊस आला. मेंढरांना चारायला जागा उरली नाही. आबांनी कळप विकला आणि एका गोदामाच्या गेटावर राखणदारी धरली. तिथल्या पत्र्याच्या खोलीत पाय पसरायलाही जागा नव्हती. आबा ओवी लावत, तोच हॉर्न वाजे. उठायचं, गेट उघडायचं, पुन्हा बसायचं. ओळ अर्ध्यात तुटायची. हळूहळू त्यांच्या ओळीच आखूड झाल्या. मोठी थाप त्या पत्र्यात कानठळ्या बसवी, म्हणून ते मला नुसत्या बोटांनी वाजवू लागले. तिथंच त्यांनी नवं गाणं रचलं.

ये रं गाडी, जा रं गाडी,
धूळ तेवढी ठेव,
मी हितंच उभा.

मित्रांनो, माळावरच्या ओवीइतकंच ते खरं होतं.

मग पर्यटन केंद्राचे मालक इंद्रजित यांनी आबांना रविवारचा कार्यक्रम दिला. आक्काबाईंना तिथंच भाकरी करायचं काम मिळालं. दर आठवड्याला कुठं न्यायचा, म्हणून मी तिथल्या कपाटात राहू लागलो. आबा फेटा बांधून लांडग्याची ओवी गात आणि पाहुणे फोटो काढत. पण प्रत्येक रविवारी त्यांची थाप थोडी अधिक कोरडी पडत गेली. ते माझ्या कातड्यालाच कळायचं म्हणाना.

एका रविवारी त्यांनी मध्येच गेटाचं गाणं धरलं. इंद्रजित लगबगीनं पुढं आले.

"आबा, हे नको. लांडग्याचंच म्हणा. लोकांना मेंढपाळ बघायचाय."

"लांडगा आता सपनातबी येत न्हाय, मालक," आबा म्हणाले. "गेट येतं."

"गेट ऐकायला कोण येणार?"

आबांनी मला हळूच खाली ठेवलं. कातड्यावरून एकदा तळवा फिरवला. "तुमाला मेंढपाळाचा ढोल पायजे व्हता, तो ठेवा. माझं गाणं मी नेतो."

ते गेले. कपाटाला कुलूप लागलं. माझे दोर सैल झाले, तरी कुणी ताणले नाहीत.

परवा आक्काबाई काच पुसत होत्या. ओसरीत कुणी नव्हतं. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "म्हातारा आता गेटावरच्या पत्र्यावर वाजवतुया. डायवर लोक गाडी बंद करून ऐकत्यात." आणि पुसता पुसता त्या स्वतःच गुणगुणू लागल्या. ते ना ओवीचं होतं, ना गेटाचं. तव्याचा चटका होता त्यात, परक्या लोकांसाठी थापलेल्या भाकरी होत्या. आयुष्यभर मी त्यांना गाताना ऐकलं नव्हतं. माझं सैल कातडं आतल्या आत थरथरलं. आक्काबाईंचा हात थांबला. त्यांनी काचेला कान लावला.

"वाजतुयास व्हय रं?" त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मला पुसून ठेवलं म्हणजे मला जपलं असं नाही. तुमच्या घरात, गल्लीत कुणी गाणारं असेल, तर कालचंच म्हण असा हट्ट धरू नका. आज काय सुचलंय, ते विचारा आणि ते गाईपर्यंत थांबा. आणि या ओसरीत आलात, तर इंद्रजित यांच्याकडं किल्ली मागा. ढोल आक्काबाईंच्या हाती द्या म्हणावं.